भिंतीकडचा ताडाचा दांडा

ताड हे झाड आहे की नाही, या प्रश्नावर मी आमच्या गृहनिर्माण संस्थेला एकामागून एक पत्रे लिहिली. त्यांतल्या एकाही विधानाबद्दल मला आजतागायत खेद वाटलेला नाही. मुकुंदवाडीच्या पलीकडे जिथे आमची इमारत उभी आहे, तिथे पूर्वी शेते होती. त्या शेतांच्या बांधावरचा एक ताड बिल्डरच्या तावडीतून कसा कोण जाणे सुटला आणि आमच्या आवाराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहिला. एका वळवाच्या पावसात त्याच्यावर वीज पडली आणि शेंडा जळून गेला. त्यानंतर तो बिनडोक्याचाच उभा होता. त्याच्या खोडात पोपटांनी घर केले होते आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. मग एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तेव्हा तो आवारात आडवा झालेला होता आणि करवतवाले दोघे त्याच्यावरच बसून चहा पीत होते.

"परवानगी दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी कपासकट हात वर करून अध्यक्षांच्या खिडकीकडे दाखवले.

आमचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या डोक्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत मृदुभाषी गृहस्थ. मी त्यांच्याशी अनेकदा आवाज चढवून बोललो आहे आणि त्यांनी एकदाही उलट आवाज चढवलेला नाही. ही त्यांची सभ्यता असेल, पण भांडणाऱ्याची त्यामुळे फार कुचंबणा होते.

"भाऊ, वाळलेलं झाड. कोणाच्या गाडीवर पडलं असतं तर?"

"वाळलेले असो की हिरवे, महानगरपालिकेची लेखी परवानगी लागते."

"तुम्ही लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो," ते हसून म्हणाले. मी लेखी देणारच, हे त्यांना माहीत होते.

त्यांच्या उत्तरात दोन मुद्दे होते. पहिला असा की, कायद्यातील झाडाच्या व्याख्येत फांद्या अभिप्रेत आहेत, ताडाला फांद्या नसतात, सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. मुद्दा चुकीचा होता, पण त्याच्यामागे डोके होते. मी त्याचा सविस्तर प्रतिवाद केला आणि त्याची प्रत उद्यान विभागाला पाठवली. त्या विभागाची 'कार्यवाही सुरू आहे' ती सुरूच आहे. दुसरा मुद्दा मात्र माझ्या जिव्हारी लागला. ताडाचे खोड लाकूड म्हणून सर्वस्वी निरुपयोगी असल्यामुळे संस्थेचे काहीही नुकसान झालेले नाही, असे त्यांनी लिहिले होते. फांद्यांविषयी बँकेतल्या माणसाने बोलावे, माझी हरकत नाही. लाकूड काय कामाचे आणि काय कामाचे नाही, हा प्रश्न माझ्या हद्दीतला होता.

मी जन्मभर टर्नर होतो. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून मी लोखंड, पितळ आणि बिडाचे जे काही कातले, ते मोजायला निरीक्षक आला की त्याने वर्नियर लावायची आणि मी दुसरीकडे पाहायचे, एवढा माझा माझ्या हातावर विश्वास होता. कायदा मी कारखान्यातच शिकलो. एकदा मला कामावरून काढून टाकण्यात आले. खातेनिहाय चौकशीत मी माझी बाजू स्वतः मांडली, पुढे कामगार न्यायालयातही मांडली आणि मागच्या पगारासकट परत त्याच लेथवर जाऊन उभा राहिलो. माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली आहे. ती शोभेसाठी लावलेली नाही.

त्या पडत्या काळात घर चालवले ते माझ्या पत्नीने. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. सदनिका घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्या नोकरीवर कर्ज झाले आणि खरेदीखतावर एकटीचे नाव लागले. पुढे माझी नोकरी परत मिळाली तरी मी माझे नाव जोडण्याचा आग्रह धरला नाही. जिने घर उभे केले, तिच्या नावावर ते असावे हे मला न्याय्य वाटले आणि आजही वाटते. आमच्या इमारतीत तिला सगळे 'सिस्टर' म्हणतात. मला काय म्हणतात, ते माझ्या समोर म्हणत नाहीत.

तर, मी संस्थेला पुढचे पत्र लिहिले: खोड आपल्या मते निरुपयोगी असल्यास ते मला द्यावे. कार्यकारिणीने तेवढ्यापुरते एकमताने आणि आनंदाने मान्य केले.

मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझ्या एका जुन्या सोबत्याचे दुकान आहे. कारखान्यात तो फिटर होता. माझ्या चौकशीत माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिलेला तो एकमेव माणूस, त्यामुळे त्याला मला वाटेल ते बोलण्याचा हक्क आहे. आता तो ग्रिल आणि शटर बनवतो. दुकानाच्या मागच्या बाजूला त्याचा एक जुना लेथ पडून होता. टेम्पोतून खोडाचे ओंडके उतरताना पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"क्या वकीलसाब, अब इसपे केस डालरे क्या?"

"याच्यावर नाही. याच्यासाठी."

"मियाँ, ये लकडी नै है. झाडू है झाडू. अंदर देखो, पाव के माफिक!"

गाभ्याबद्दल त्याचे म्हणणे खरे होते. ताडाची गोष्ट इतर लाकडांच्या उलट असते. सागाचा, बाभळीचा गाभा टणक आणि बाहेरचा भाग कच्चा. ताडाचा गाभा भुसभुशीत आणि सगळे बळ बाहेरच्या बाजूला. त्या बाहेरच्या भागात तंतूंच्या काळ्या तारा ठासून भरलेल्या असतात. आडवा काप घेतला तर तिळासारखे ठिपके दिसतात आणि उभा घेतला तर काळ्या रेघा. या तारा हत्याराची धार खातात. लाकडाच्या पटाश्या मी तासाभरात बोथट करून ठेवल्या. शेवटी लोखंड कातायची हत्यारे काढली, तीही दर थोड्या वेळाने सहाणेवर न्यावी लागत. दोन तारांच्या मधला भाग मऊ, त्यामुळे हत्यार जरा जोराने दाबले की तारा उपटून निघतात आणि पृष्ठभाग दाढी वाढल्यासारखा होतो. ओंडक्याचा गाभा फेकून द्यायचा, बाहेरच्या कडेच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि त्या लेथवर चढवून गोल कातायच्या, एवढे कळायला मला पुष्कळ लाकूड वाया घालवावे लागले.

पहिली वस्तू मी केली ती लाटणे. घरी आणून ओट्यावर ठेवले.

पत्नीने ते चष्म्याजवळ धरले. "ह्याच्यानं पोळ्या लाटू? पोळीतून तारा निघतील तारा. मग खाणाराला टाके घालायला बी मीच?"

"पॉलिश व्हायचे आहे अजून."

"मग पॉलिशची पोळी खा तुम्ही."

दुसरी चूक जास्त मोठी होती आणि ती केवळ लोखंडवाल्यालाच सुचू शकते. लेथ लहान असल्यामुळे पडद्यासाठी लांब दांडा एका तुकड्यात कातता येत नव्हता. म्हणून मी एका तुकड्याच्या टोकाला खुंटी आणि दुसऱ्याच्या टोकाला भोक, असा जोड काढला. खुंटी वर्नियर लावून कातली आणि भोकात अशी बसवली की हवासुद्धा जाऊ नये. मी सोबत्याला मुद्दाम बोलावून ओढायला सांगितले. त्याने पाय भिंतीला लावून ओढले, जोड सुटला नाही. मी अतिशय समाधानाने घरी गेलो. मग वैशाखाचे ऊन लागले. एका दुपारी त्याने तो दांडा उचलून माझ्या कानाशी नेऊन हलवला. जोड खुळखुळ्यासारखा वाजत होता.

"लोहा सूकता क्या वकीलसाब? नै सूकता. ये झाड को पानी पीने की आदत थी, अब छोडरा वो. उसको टाइम तो दो!"

मी वेळ दिला. पट्ट्या त्याच्या पत्र्याखाली उभ्या करून ठेवल्या, टोकांना मेण लावले आणि पुढचा उन्हाळा उलटेपर्यंत एकीलाही हात लावला नाही. न्यायालयात तारखांची वाट पाहण्याचा अनुभव मला होताच.

त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या जिन्यात पत्नी पडली.

आमच्या जिन्याला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला विटांचा रुंद कठडा आहे. वर शहाबादी फरशी बसवलेली. त्या कठड्यावर हात टेकता येतो, पण तो पकडता येत नाही. माणसाचा पंजा तेवढा मोठा नसतो. तोल जाताना तिने फरशीला हात घातला, हात घसरला आणि गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण दवाखान्यातून आणले तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला दुसऱ्या मजल्यावर चढवले. जन्मभर जिने दुसऱ्यांना उचलले, तिने त्या चारही वळणांवर पदर तोंडावर ओढून घेतला होता. वर आल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "आता पुन्हा खाली जाईन तं माझ्या पायानं."

घरात ती लवकरच चालू लागली. काठी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घाली. पण जिन्याच्या पहिल्या पायरीशी आली की थांबे. खाली पाही आणि परत फिरे. पौर्णिमेला विहारात जायचे राहिले, बाजार राहिला. खिडकीत बसून खालच्या बायकांशी ओरडून बोलणे तिला अपमानाचे वाटे, म्हणून तेही तिने सोडले. मला ते पाहवत नव्हते. मी तिच्या गुडघ्यावर पत्र लिहू शकत नव्हतो.

"दीवार को पाइप लगा दूँ?" सोबत्याने विचारले. "कल सुबे आके लगा देता."

पत्नीने ऐकले. "नको भाऊ. जन्मभर दवाखान्यातल्या खाटांचं लोखंड धरलं. थंडीत थंड, उन्हात ताप. ह्यांच्या त्या ताडाचं काय झालं?"

तिने विचारले, म्हणून झाले. पट्ट्या वाळून वाजायला लागल्या होत्या. मी रोज सकाळी दुकानात जाऊन एकेक तुकडा कातत असे. मुठीत धरता येईल एवढी जाडी, आणि ती जाडी तिच्याच पंजाची. दोऱ्याने मापून नेलेली. लाखेचे पातळ पॉलिश पाजायचे, वाळू द्यायचे, पुन्हा बारीक कातायचे, पुन्हा पाजायचे. लाख आत मुरली की मऊ भाग टणक होतो आणि तारा जागच्या हलत नाहीत. दांडा कितीही मजबूत असला तरी एक कुसळ हाताला लागले की माणूस पुन्हा त्याला विश्वासाने धरत नाही. तुकडा घरी आणला की पत्नी कापसाचा बोळा घेऊन त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी. एक जरी तंतू अडकला तरी, "परत न्या."

"कुठे अडकला?"

"तुम्हाला दिसनार नाय. कापसाला दिसला."

मी परत नेत असे. निरीक्षकाकडून माझा माल कधी परत आला नव्हता. इथे तो वारंवार आला. पण ज्या दिवशी कापूस सरळ निघून गेला, त्या दिवशी खिडकीच्या उजेडात तो दांडा काळ्या-सोनेरी रेघांनी असा झळकत होता की मी कातलेल्या कोणत्याही पितळेने तसे झळकावे अशी माझी इच्छाही कधी झाली नव्हती. प्रत्येक वळणापर्यंतच्या पायऱ्यांसाठी तीन तुकड्यांचा एक लांब दांडा तयार झाला. सोबत्याने भिंतीत बसवायच्या लोखंडी खुंट्या घडवल्या.

"मग? अडलं कुठं आता?" पत्नीने विचारले.

"भिंत आपली नाही."

"मग कोनाची हाय?"

"संस्थेची. सामाईक भिंतीला काही कायमचे बसवायचे तर सभासदाचा अर्ज आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते."

"चार भोकं पाडायला सभा?"

"भोके चार असोत की चाळीस. ज्यांनी विनापरवाना झाड तोडले, त्यांना मी कायदा शिकवला. आता मी विनापरवाना भिंत फोडू?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः खाली आले. दांडा पाहिला, हातात घेऊन पाहिला. "भाऊ, फार सुंदर झालंय हो. सभा या रविवारी आहेच. तुम्ही सिस्टरांच्या वतीनं अर्ज मांडा, कोणी हरकत घेणार नाही."

"मी घेईन," मी म्हणालो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या एका आजीबाईंच्या जागी त्यांचा मुलगा सभेला येऊन बसे आणि मतदानही करी. मी हरकत घेतली. सभासदाच्या जागी नातेवाइकाने बसायचे, तर मग निवडणुका तरी कशाला घ्यायच्या? त्यावर संस्थेच्या उपविधींत नियम झाला: सभासदाने स्वतः हजर राहावे, कोणाच्याही वतीने कोणी बोलणार नाही. त्यानंतर मी स्वतःही सभेत कधी बसलो नाही, मागे उभा राहून ऐकत असे. घर पत्नीच्या नावावर आहे. सभासद ती आहे, मी तिच्या घरात राहणारा रहिवासी आहे. पत्र कोणीही रहिवासी लिहू शकतो. ठराव मांडू शकत नाही.

हे मी तिला समजावून सांगितले. तिने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"म्हंजी खाली उतरायला दांडा पायजे, आन दांडा मागायला खाली उतरायचं."

"होय."

"हा कायदा केला कोनी?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिले आणि मग ती हसायला लागली. पडल्यापासून ती तशी हसली नव्हती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "शाब्बास! लई चांगला केला."

अध्यक्षांनी सभा आमच्या दारात भरवण्याची तयारी दाखवली. मी म्हणणार होतो की नोटिशीत सभेची जागा वाहनतळ लिहिली आहे, ती बदलायची तर नव्याने नोटीस काढावी लागेल. पण ती माझ्या आधी बोलली. "नको भाऊसाहेब. सगळी बिल्डिंग माझ्या दारात, आन मी आतून बघनार? मी मेले का काय?" खुर्चीतून उतरवण्याचा प्रस्ताव तिने ऐकूनसुद्धा घेतला नाही.

रविवारी सकाळी ती नऊवारी नव्हे, पण कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली. नोकरीतल्या दिवसांसारखी. समोरच्या दारातल्या शिक्षिकेला आणि तळमजल्यावरच्या त्या आजीबाईंच्या सुनेला तिने वर बोलावून घेतले.

"तो दांडा उचला," तिने त्यांना सांगितले. "एक जनी खाली, एक जनी वर. जिन्यासारखा तिरका धरा. वॉर्डात पेशंट पहिल्यांदा उभा राहिला की आम्ही असंच बांबू धरायचो. मी मधी चालते. भिंतीला हात नाय, भोक नाय. चालतंय का तुमच्या कायद्यात?"

मी विचार केला. दांडा कोणत्याही सामाईक मालमत्तेला जोडलेला नव्हता. "चालते," मी म्हणालो.

सून दांड्याचे खालचे टोक उचलता उचलता मला म्हणाली, "काका, आमच्या सासूबाईंना तुमच्यापायी खुर्चीत बसवून सभेला न्यायला लागत होतं. ध्यानात हाय ना?"

"त्यांनी मतदान स्वतः केले की नाही?"

"केलं ना. तुमच्या इरोधात केलं."

पत्नीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि उजव्या हाताने दांडा धरला. मी तिच्या मागे वर उभा होतो. माझा जीव जोडांवर होता. वाळलेले लाकूड, लाख पाजलेली खुंटी, सगळे खरे; पण माणसाचा भार अजून त्यावर कधी पडला नव्हता, आणि पडायचा तो पहिला भार हिचा होता.

"जोडापाशी धरू नको," मी म्हणालो.

"जोड कुठं हाय ते दिसंनाच," ती म्हणाली आणि नेमके तिथेच धरले.

पहिल्या वळणापर्यंत ती एकेक पाय उतरली. प्रत्येक पायरीला तिघी थांबत. वरची उतरे, मग खालची, आणि दांडा त्यांच्याबरोबर सरके. वळणावरून पुढे दुसऱ्याच पायरीवर तिची टाच सरकली. तिचा सगळा भार हातावर आला. सुनेच्या तोंडून "अगं आई" निघाले, दांडा वाकला आणि जोड करकरला. मी हात पुढे केला, पण मी फार वर होतो, आणि माझा हात पोचेपर्यंत ती पुन्हा सरळ उभी राहिली होती. हात तिथेच, जोडावर, घट्ट.

"काय नाय झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता: "मजबूत हाय."

निरीक्षकांनी मला आयुष्यात पुष्कळ शेरे दिले. तसा एकही नव्हता.

खाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून लोक बसले होते. तिघी जिन्याच्या तोंडाशी आल्या तेव्हा पुढच्यांनी खुर्च्या सरकवून वाट केली. आजीबाई त्यांच्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "आल्या का सिस्टर! या, हितं बसा." माझा सोबती ड्रिलची पेटी घेऊन आला होता. तो सभासद नसल्यामुळे मी त्याला फाटकाबाहेर उभे राहायला सांगितले.

"हौ बाबा," तो म्हणाला, "मैं इधरीच हूँ. उपविधी के उस पार."

अर्जाचा मसुदा मी लिहून दिला होता: अर्जदार सभासदाच्या व्यक्तिगत वापरासाठी, स्वखर्चाने, दुसऱ्या मजल्यापर्यंत आधाराचा दांडा बसवण्यास मंजुरी मिळावी. पत्नीने तो वाचला. एकाने लगेच शंका काढली की आज दांडा, उद्या कोणी भिंतीला कुंड्या टांगेल, परवा कोणी सायकल. शंका गैरलागू नव्हती. मी मागे उभा राहून उत्तराची जुळवाजुळव करत होतो, पण मला बोलता येत नव्हते.

"मला बदल करायचा हाय," पत्नी म्हणाली आणि कागद घडी करून ठेवला. "माझ्या एकटीचा दांडा नको. तळापासून वरपर्यंत, सगळ्या जिन्याला. आन तो संस्थेचा राहील. आम्ही बसवून देतो. ह्या आजीला धरता येईल, पोराला कडेवर घेऊन चढनारीला धरता येईल. मग कुंड्या टांगनाराला सांगा, ही भिंत सगळ्यांची हाय."

मला आधी न विचारता केलेला बदल होता तो. संतापाची एक कळ माझ्या डोक्यात गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंतचे लाकूड अजून कातायचे होते. आणि पाठोपाठ माझ्या लक्षात आले की शंका काढणाऱ्याला उत्तर मिळाले होते. माझ्या जुळवाजुळवीपेक्षा चांगले, आणि नियमात बसणारे. ऐन सभेत मूळ प्रस्तावावर मांडलेली उपसूचना ग्राह्य असते. सचिवांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले, नियम विचारायला सगळे माझ्याकडेच पाहतात. मी मान हलवली.

"अनुमोदन," अध्यक्ष म्हणाले. "मी रोज त्या भिंतीला हात लावून चढतो. सांगितलं नव्हतं कोणाला." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "लाकूड तेवढं आहे ना, भाऊ?"

"आहे," मी म्हणालो. असेल असा माझा अंदाज होता. नसते तर मी दुसरा ताड शोधला असता. रीतसर परवानगी घेऊन.

ठराव इतिवृत्तात लिहिला गेला, त्याच्याखाली सूचक म्हणून तिची सही झाली, आणि मगच मी सोबत्याला फाटकातून आत घेतले. पत्नीला वर जायची घाई नव्हती. शिक्षिका आणि सून तिला घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेल्या. मी मोजमाप करता करता त्यांच्याकडे पाहत होतो. काठी टेकत, मध्येच थांबत, कोणाशी तरी बोलत ती फाटकाबाहेर गेली.

ती परत आली तेव्हा पहिल्या वळणापर्यंतचा दांडा भिंतीत बसला होता. तिने पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्याने तो धरला आणि कोणालाही न हाक मारता चढून वळणावर आली. पुढे दांडा नव्हता. मी ड्रिल घेऊन वरच्या पायरीवर उभा होतो. भिंतीची पांढरी भुकटी माझ्या केसांत, मिशांत गेलेली.

"थांब, हे एवढे होऊ दे. की त्या दोघींना बोलावू?"

"नको," ती म्हणाली. पायरीवर पदराने जागा झटकून बसली, पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडायला लागली. "तुम्ही लावा. जसा दांडा येईल तशी मी वर येते."

सोबती तिला म्हणाला, "भाभी, शाम हो जाएगी."

"होऊ द्या भाऊ. मी काय वर कोंडून बसले का आता?"

मी पुढचे भोक पाडले. खाली मेथीच्या काड्या पडत होत्या आणि वर-खाली जाणारे लोक तिच्याशी दोन शब्द बोलायला थांबत होते. कोणी वाट मागितली की ती पाय आखडून घेई, एक हात मागे नेऊन दांडा धरी, आणि पुन्हा निवडू लागे.